शून्यावरचा दगड

भिंतीला पाठ टेकताच मालनबाईंच्या पापण्या जड होतात. दुपार आहे. ओसरीच्या फरशीवर दुर्गा आणि बसू, अकरावीची दोन पोरं, खडूने गणित सोडवत बसलीत. गणित बाईंनीच दिलेलं: गावाच्या खाणीत सुरुंग उडाला की दगड किती लांब पडतात, त्याचं प्रमाण विचलन काढा. पाच दगडांची अंतरं पोरांनी स्वतः टेप लावून मोजून आणलीत. वीस मीटर, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. सरासरी साठ.

"बाई, विचलनांची बेरीज शून्यच येतेय," दुर्गा म्हणते.

"पुन्हा करून बघ."

"तिसऱ्यांदा केली! अलीकडचे वजा, पलीकडचे अधिक. सगळे एकमेकांना खाऊन टाकतात."

"चूक तुमची तुम्ही शोधा. मी आहे इथंच."

"आहेत कुठं, घोरतायत," बसू कुजबुजतो. मग दुर्गाला म्हणतो, "आपली सरासरी मुकादमाला लई आवडली बघ. लांब ओढ्यापाशी असलेला धोक्याचा तांबडा झेंडा त्यानं आज साठ मीटरवर आणून रोवला. सुरुंगाच्या वेळी खाणीतल्या बायका आता तिथंच थांबणार. तंगडतोड वाचली म्हणतो."

बाई काहीतरी बोलायला जातात, पण ओठ हलत नाहीत. खडूचा आवाज लांब लांब जातो.

पायरीवर यल्लप्पा बसलेला आहे. दुर्गाचा बाप, बाईंचा जुना विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी खाणीतला दगड डोक्यात बसून तो गेला. कवटीची डावी बाजू अजून तशीच आत दबलेली. अंगात मात्र शाळेची खाकी चड्डी आहे.

"चला बाई, शाळा भरली," तो म्हणतो.

ओसरी संपते तिथं शाळा आहे. बाकांवर पोरं नाहीत, दगड बसलेत. बाई हजेरीला तोंड उघडतात तोच सुरुंगाआधीचा भोंगा वाजतो. पहिला दगड उठतो आणि फळा फोडून जातो. दुसरा पाण्याच्या माठाच्या ठिकऱ्या उडवतो. तिसरा खिडकीचे गज वाकवून बाहेर पडतो, आणि बाहेर कोणीतरी बकरीसारखं ओरडून गप्प होतं.

"खाली बसा! सगळे खाली बसा!" बाई ओरडतात. तीस वर्षांत एकाही वर्गानं त्यांचं ऐकलं नाही असं झालेलं नाही. दगड ऐकत नाहीत.

यल्लप्पा फळ्याचा तुकडा उचलून त्यावर शून्य काढतो.

"पोरांनी हे काढलं. म्हणजे सरासरी सोडून कुणी हललंच नाही. मग बाई, मला काय फुलानं मारलं?"

"शिकतायत रे, यल्लप्पा. चुकतात, मग कळतं."

"त्यांना कळेस्तोवर सुरुंग थांबणार हाय व्हय? वीसवर पडलेला दगड शंभरवरच्याला माघारी आणतो का? सांगा की!"

"नाही आणत."

"मग मला वजाबाकीत का खपवता?"

बाईंकडे उत्तर आहे, पण त्या आता स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत. ओट्यामागे खाणीचा काळा कडा. पिठाच्या डब्यात तांबडा झेंडा रोवलेला. त्याच्या सावलीत यल्लप्पाची बायको गंगव्वा भाकरी मोडतेय, आणि चुलीत सुरुंगाची वात सुरसुरतेय. बाई धावतात. पाय पिठात गुडघ्यापर्यंत रुततात.

"गंगव्वा, ऊठ!"

कडा फुटतो. भाकरीचे, बांगड्यांचे, हाडांचे तुकडे एकदमच उडतात. पीठ लाल होतं. यल्लप्पा आपल्या दबलेल्या कवटीत बोटं घालतो, ओढून काहीतरी काढतो आणि बाईंच्या मुठीत कोंबतो.

"हा माझा. ह्याला शून्य म्हणू नका."

"बाई! बाई, काय झालं?"

ओसरी. ऊन. हात जळतोय. बाई मूठ उघडतात. तळव्यात काळ्या दगडाची धारदार कपची रुतलीय. तिला सुरुंगाच्या दारूचा वास आहे.

दुर्गा डबा घेऊन उभी आहे. "आईला जेवण देऊन येते. नव्या झेंड्यापाशी बसलीय ती. भोंग्याच्या आत येतेच."

बाई कपची उपसतात आणि फरशीवरच्या शून्यावर ठेवतात. रक्ताचा थेंब शेजारी पडतो.

"वजा चाळीसचा वर्ग किती गं?"

"सोळाशे."

"अधिक चाळीसचा?"

"तो पण सोळाशे." दुर्गाच्या हातातला डबा खाली येतो. "म्हणजे वर्ग केल्यावर कुणी कुणाला खात नाही. अलीकडचा काय, पलीकडचा काय..." ती थांबते. "बाई, दगड शंभरावर जातात, आणि आई साठवर बसलीय."

"बसू, पळ! मुकादमाला म्हणावं, सुरुंगाला हात लावू नको. बाई येतायत झेंडा उपटायला."

बसूच्या आधी दुर्गाच धावत सुटते. बाई अनवाणीच पायऱ्या उतरतात. खाणीचा भोंगा अजून गप्प आहे. मागे फरशीवर, शून्याच्या मधोमध, कपची तशीच पडलीय. अजून गरम.