उलटे सर

वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की आमच्या केमिस्ट्रीच्या सरांचा चेहरा उतरायचा आणि चुकीचं उत्तर आलं की फुलायचा. बाकीच्या प्राध्यापकांचं नेमकं याच्या उलट असे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'उलटे सर' ठेवलं होतं. "बरोबर आहे," ते खिन्नपणे म्हणायचे, "पण हे तुला सांगितलं कोणी?" पुस्तकानं, असं म्हटलं की म्हणत, "मग मार्क पुस्तकाला देऊ." चुकलेल्या पोराशेजारी मात्र ते बाकावर येऊन बसत आणि जावई पहिल्यांदा घरी आल्यासारखी त्याची विचारपूस करत. "असं का वाटलं तुला? सांग, सांग. लाजू नकोस." पोराला वाटे, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या काळी पुण्यातल्या कॉलेजात शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. प्राध्यापकांनी कॉमा-फुलस्टॉपसकट सांगायचं, आम्ही उतरून घ्यायचं. ज्यांच्या वेगानं हात दुखत नाही ते उत्तम प्राध्यापक. उलट्या सरांनी जन्मात नोट्स सांगितल्या नव्हत्या. प्रॅक्टिकलचीही रीत ठरलेली होती. कोणत्या पुडीत कोणता क्षार आहे हे आधीच कानावर येई, निकाल आधी लिहून होई, आणि वेळ उरलाच तर प्रयोग. सरांनी यात एक खोडा घातला. इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात ते खणखणीत मराठीत म्हणायचे, "आधी बोल, मग ओत." परीक्षानळीत काही ओतायच्या आधी काय होईल ते मोठ्यानं सांगायचं. रंग बदलेल, धूर येईल, काहीच होणार नाही, काय वाटेल ते सांग; पण सांग. बोलायला कुणी धजावत नसे, त्यामुळे पुष्कळदा ओतणंही राहून जाई.

त्या वर्षी इंटर सायन्सला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या इयत्तेला, आमच्या वर्गाचा निकाल पडला. मीही पडलो. खरं सांगायचं तर आमच्यातले बरेचसे कुणाच्याही हाताखाली नापासच झाले असते. पण नापास होणाऱ्यालाही एक कारण लागतं, आणि ते सरांच्या रूपानं आयतं मिळालं होतं. प्रिन्सिपॉलांनी त्यांना बोलावून घेतलं आणि सौम्यपणे सांगितलं, "तुमच्यामुळे मुलं विचार करायला लागली असतील, नाही म्हणत नाही मी. पण युनिव्हर्सिटीला उत्तरं लागतात."

सरांनी ते मनाला लावून घेतलं. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी नापासांना मे महिनाभर आपण शिकवू, असं ते म्हणाले. सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा उघडायला कुणी तयार होईना. मी पौडचा. माझे तात्या गावच्या शाळेच्या कमिटीवर होते आणि मेमध्ये शाळा ओस पडलेली असे. मी तात्यांना विचारलं, ते "येऊ द्या" म्हणाले, आणि एके दिवशी सर गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.तून पौडला उतरले. ट्रंक खाली घेताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"केमिस्ट्री."

"फुटंल का?"

"शिकवणाऱ्याच्या हातात आहे," सर म्हणाले.

आम्ही पाच-सहा जण जमलो. त्यातले दोघे सांगण्यासारखे. एक पुण्याचा सुभाष. स्वच्छ, टापटिपीचा, गोड बोलणारा. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणा प्राध्यापकांच्या टाइप केलेल्या नोट्स त्यानं पिशवीत तळाशी आणल्या होत्या. दिवसभर तो सरांच्या प्रश्नांना मान डोलवी आणि दुपारी सगळे लवंडले की मागच्या पडवीत बसून पाठांतर करी. दुसरा बिरू मरगळे. वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातला. बापाची मेंढरं. त्या वाड्यातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. बोलायचा कमी आणि बघायचा फार.

पुस्तक उघडायचं नाही, असा सरांचा पहिल्या आठवड्याचा हुकूम होता. माझ्या आईची हळद, पानवाल्याचा चुना, चिंच, तुरटी, धुण्याचा सोडा एवढ्यावर केमिस्ट्री चालली होती. "तुज्या मास्तरानं माजी वर्साची हळद संपिवली," आई म्हणायची आणि तरी वाटी भरून द्यायची. एकदा सरांनी आम्हा सगळ्यांना पपईच्या देठाच्या नळ्या देऊन चुन्याच्या निवळीत फुंकायला बसवलं होतं. तेवढ्यात तात्या आले. ओळीनं बसून गाल फुगवणारी पोरं त्यांनी बराच वेळ पाहिली.

"मास्तर, ही पोरं नापास झाल्यात न्हवं?"

"हो."

"मग त्यास्नी वाचाया बसवायचं सोडून फुकाया काय बसिवलंय?"

सर म्हणाले, "वाचून नापास झालीत ती. आता फुंकून बघू."

तात्यांना हे पटलं नाही. पण शाळा दिली होती, शब्द फिरवणं त्यांच्यात बसत नव्हतं.

फुंकलं की निवळी दुधासारखी होते, एवढं आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. ती तशी झाली आणि आम्ही नळ्या खाली ठेवल्या. बिरू मात्र थांबला नाही. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. गाल दुखेपर्यंत तो फुंकत राहिला आणि मग वाटी उजेडाकडे धरून म्हणाला, "सर, दूध हुतं ते परत पानी व्हाया लागलं. असं कसं वो?"

सर खाली जमिनीवरच बसले. उत्तर त्यांना अर्थात माहीत होतं. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी उत्तर दिलं नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारलं. बिरू दोन दिवस तोच विचार करत हिंडला. जेवताना घास हातात धरून बसायचा. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "माज्या फुकीतलं जे काय हाय, ते थोडं आसलं की साका बनिवतंय आन् लई झालं की त्योच साका इरघळवतंय. बरूबर?" सरांचा चेहरा यावेळी बरोबर उत्तरालाही फुलला. तो मी पाहिलेला एकमेव प्रसंग.

महिना संपला तेव्हा सर आम्हाला म्हणाले, "परीक्षेत घाबरायचं नाही. दिसेल ते लिहायचं." साधं वाक्य होतं. आम्ही बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बिरूनं ते धरून ठेवलं.

ऑक्टोबरच्या प्रॅक्टिकलला आमच्या रांगेत हिराकस आला होता. बातमी आत जायच्या आधीच फुटलेली. हिराकसात लोह असतं ते फेरस. त्यात कॉस्टिक सोडा टाकला की साका हिरवा पडायचा, हे सगळ्यांना पाठ. पण पुड्या ज्या बाटलीतून भरल्या ती कित्येक पावसाळे खाल्लेली, आतला हिराकस हवेनं पिवळा पडून फेरिक झालेला. आमच्या सगळ्यांच्या नळ्यांत साका आला तो तपकिरी. सुभाषनं क्षणभरही न थांबता लिहिलं, 'हिरवा'. मीही तेच लिहिलं, आणि खरं तर मला तो तेव्हा जरा हिरवट दिसायलाही लागला होता. बिरूनं लिहिलं, 'तपकिरी. लोह फेरिक आहे. बाटली जुनी असावी.'

सुभाष पहिल्या वर्गात पास झाला. मी कसाबसा. बिरू प्रॅक्टिकलमध्ये उडाला.

सर परीक्षकांकडे गेले. दाराबाहेर मी उभा होतो.

"तुमच्या उत्तरात फेरस आहे, मान्य," सर म्हणत होते. "पण बाटलीत काय आहे ते एकदा बघा ना."

"मी बाटल्या तपासत नाही," परीक्षक म्हणाले. "मी पेपर तपासतो."

बिरूच्या बापानं पुन्हा परीक्षेचं नाव काढू दिलं नाही. दोन पावसाळे पोराविना काढले, आता मेंढरामागं माणूस पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचं चुकत नव्हतं. बिरू वाड्यावर गेला. सरांना कॉलेजनं वर्गावरून काढून साठ्याच्या खोलीवर नेमलं. केमिस्ट्री शिकवायची सोडून ते आता केमिकल्स मोजू लागले. तक्रार केली नाही. साठ्यातला जुना हिराकस मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी फेकून दिला असं ऐकलं.

पाच-सहा वर्षं गेली. मी बी.एस्सी. होऊन पुण्यातच एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलो. आणि अचानक वारं फिरलं. मुलं केमिस्ट्री घोकतात, समजून घेत नाहीत, हे वरच्या लोकांच्या ध्यानात आलं. समिती बसली, उठली, आणि आम्हा शिक्षकांसाठी एक शिबिर निघालं. व्याख्याता होता सुभाष. आता तो मोठ्या कॉलेजात लेक्चरर होता आणि या विषयातला जाणकार समजला जाई. उलटे सरही साठ्यातून सुटून आले होते, शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. सुभाषनं त्यांना वाकून नमस्कार केला. व्याख्यानातही "माझे गुरू" म्हणून त्यांचा उल्लेख केला. तो मनापासून केला होता, यात मला शंका नाही. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

"मुद्दा चौथा. प्रयोगापूर्वी विद्यार्थ्यानं आपला अंदाज सांगावा. फुलस्टॉप. मुद्दा पाचवा. विद्यार्थ्यास प्रश्न विचारण्यास उत्तेजन द्यावं. फुलस्टॉप. घेतलंत?"

सभागृहभर पेनं कुरकुरत होती. सरांनी हात वर केला.

"सर, शंका शेवटी घेऊ," सुभाष आदरानं म्हणाला.

शेवटी आभार झाले आणि चहा झाला. बाहेर आल्यावर मी हसत विचारलं, "काय विचारणार होतात?" मला वाटलं, सर त्याची चांगली फिरकी घेणार होते.

सर हसले नाहीत. म्हणाले, "बिरूचं काय झालं? एवढंच. मुद्दे सगळे बरोबर आहेत रे. पण त्यांच्या पायी एक पोर वाया गेलं, ते कुठल्या मुद्द्यात धरलंय ते विचारायचं होतं."

रविवारी आम्ही दोघे पौडला उतरलो आणि वर चढून वाड्यावर गेलो. बिरू भेटला. रापला होता, लग्न झालं होतं. मेंढरं थोडीच उरली होती, ती बाप बघत होता आणि हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. आम्हाला घोंगडी अंथरून दिली, चहा दिला. सरांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बिरू, माझ्यावर राग आहे का?"

बिरूनं विचार केला. त्याला कुठल्याही प्रश्नाचा विचार करूनच उत्तर द्यायची सवय होती. ती सरांनीच लावलेली.

"राग न्हाई. तुमचं शिकिवणं लई चांगलं हुतं, सर. आजूनबी रातीला आठावतंय. पर खरं सांगू? तवा तुमी मला त्या सुभाषवानी नोट्स दिल्या आसत्या, तर आज मी मास्तर आसतो."

"खरं आहे," सर म्हणाले.

पौडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना ते एकदम म्हणाले, "तात्यांना विचार. मेमध्ये शाळा मिळेल का?"

शाळा मिळाली. बिरूच्या बापाला तात्यांनी समजावलं. पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी सरांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून आणली. आणि त्या मे महिन्यात, जन्मात नोट्स न सांगितलेला तो माणूस पौडच्या शाळेत खुर्चीवर बसून नोट्स सांगू लागला. मी रविवारी जाऊन ते पाहिलं आहे. त्यांना ते जमत नव्हतं. दोन वाक्यं सांगून झाली की जीभ वळायची. "आता हे असंच का होतं? तुला काय वाटतं, बिरू?"

"सर," वर न बघता बिरू म्हणायचा, "प्रश्न नगं. म्होरलं सांगा."

मग सर कडू काढा घेतल्यासारखा चेहरा करून म्हणत, "फुलस्टॉप."

ऑक्टोबरला बिरू पास झाला. पेढे घेऊन तो सरांच्या घरी आला तेव्हा मीही होतो. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि न राहवून विचारलंच, "प्रॅक्टिकलला काय दिसलं?"

"जे लिवायचं हुतं ते दिसलं," बिरू म्हणाला.

सर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा ते चष्मा पुसत होते, आणि बिरू त्यांच्या पायाशी मान खाली घालून बसला होता. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी बिरू मुळशीकडच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. प्रिन्सिपॉल बोलले, सुभाष बोलला आणि मनापासून बोलला. बिरूला कुणी बोलायला सांगितलं नाही. इस्त्रीचा सदरा घालून तो भिंतीशी उभा होता.

मीही पौडला घरी निघालो होतो; परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. भूगाव मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघतच तो म्हणाला, "त्या मानसानं मला दोनदा शिकिवलं बग. एकदा त्याच्या मनासारकं, एकदा माज्या. आन् दोनी येळंला त्यालाच तरास झाला."