पोलिसाच्या वेशातला मेलेला नट

मैत्रिणींनो, आज काय घडलं ते ऐका.

दुपारी शेजारच्या सुशीलाबाईंकडे गेले, तर त्या आतून कडी लावून रडत होत्या. "तुमी जा ताई! माह्या पोराले तिकडं स्कॉटलंडात पकडलं. पैसे पाठवले नाई अन् कोनाले सांगितलं, तं सोडनार नाई म्हनते फोनवरचा पोलीस साहेब."

खिडकीतून त्यांनी मोबाइलवर साहेबाचा फोटो दाखवला. पोलिसी टोपी, करडी मिशी. या माणसाला मी ओळखत होते! पन्नासच्या दशकात फिरत्या नाटक मंडळीबरोबर आलेला हा स्कॉटिश नट आमच्या कॉन्व्हेंटच्या सभागृहात राजा झाला होता. पुढे विलायती टीव्ही मालिकांत तो जन्मभर पोलिसाचंच काम करायचा; हा फोटो त्यातलाच. वारला, त्यालाही वर्षं झाली.

"अहो, हा नाटकवाला आहे, तोही मेलेला! पोराला फोन लावा."

"अन् खरा असला तं?"

शेवटी मीच लावला. पोरगा तिकडे आपल्या घरीच, चहा पीत होता.

फसवणाऱ्या निर्लज्जांनो, मेलेल्या कलावंताला तरी सोडा!

पण भीती जात नाही. हा चेहरा मी योगायोगाने ओळखला. उद्या माझ्या मोबाइलवर एखादा अनोळखी साहेब आला, तर मी तरी कोणाला दार उघडेन का? तुम्ही उघडाल?