पांगाऱ्याचं विमान

धाकट्या भावाला हवाई दलाच्या परीक्षेसाठी मुंबईला बोलावणारं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि मी ते गुपचूप माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं. तो गेला तर होडीवर मला दुसरा माणूस नव्हता. तो रोज विचारायचा, पत्र आलं का. मी रोज नाही म्हणून मान हलवायचो. परीक्षेच्या आदल्या दिवशी दिघीच्या खाडीच्या तोंडाशी आमची होडी उलटली. मी वाचलो, होडीही मिळाली. तो सापडलासुद्धा नाही. पत्र दिलं असतं तर त्या दिवशी तो मुंबईत असता.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली असतात. नारळी पौर्णिमेआधी त्या रंगवायच्या, ही आमची रीत. त्या वर्षी मी होडीला हात लावला नाही. पांगाऱ्याचा हलका ओंडका घेतला आणि विमान कोरायला बसलो. नमुना म्हणजे भावाने भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्रातलं चित्र, ढगांवरून चाललेलं एक परदेशी लढाऊ विमान. आपल्या हवाई दलात ते कधी नव्हतंच. मी मात्र पंखांवर केशरी, पांढरं, हिरवं चक्र काढलं. भाऊ वैमानिक झाला नव्हता, विमान आपलं नव्हतं. खोटंच करायचं तर हात कशाला आखडायचा? वैमानिकाच्या जागेखाली त्याचं नाव लिहिलं.

हात होडीचेच. सांध्यांत कापूस आणि राळ भरली, पोटाला सवयीने माशाचं तेल चोळलं. मग रंग बसेना, दमट हवेत आठ-आठ दिवस चिकट राहायचा. स्वतःचाच संताप यायचा. शेजारी म्हणायचे, हा येडा झाला. होऊ दे, म्हटलं. रंगवत असेपर्यंत तो त्या विमानात बसलेला असायचा आणि तेवढा वेळ मी पत्र लपवलेलं नसायचं.

आई दिवसभर समुद्राला शिव्या द्यायची. मी ऐकून घ्यायचो. खरं सांगायचा धीर होत नव्हता.

विमान वाळलं तेव्हा सकाळी तिच्या मांडीवर ठेवलं. नाव कुठे लिहिलंय ते दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग विमान उलटं करून पोट पाहिलं.

"याला चाकं न्हाय?"

चाकं माझ्या डोक्यातच आली नव्हती. चित्रात दिसत नव्हती आणि होडीला चाकं नसतात.

"पोटात असतात, त्यो सांगायचा मला. उतरताना भायेर काढतात." ती विमानाकडेच बघत होती. "आता त्यो उतरंल कसा रं?"

माझ्याच्याने राहवलं नाही. पेटी उघडून पत्र काढलं आणि सगळं सांगून टाकलं. तिने हात उचलला नाही. पत्र उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. परीक्षेची तारीख आली, होडी उलटली त्याच्या दुसऱ्या दिवसाची, तेव्हा तिने मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली.