मंगल कार्यालयातला बास्केटबॉल संघ

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की शाळेच्या बास्केटबॉल संघात तुमची निवड झाली आणि आपल्या घरात या खेळाला हात लावणारे तुम्हीच पहिले. मी तेव्हा काही बोलले नाही. तुमचे आबा शेजारी बसून इतके हसत होते की माझं तुम्हाला ऐकूच गेलं नसतं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोन मिनिटांत वाचून बाजूला ठेवलं असतं, म्हणून मुद्दाम मराठीत. अडलं तर आईला विचारा.

राजारामपुरीतल्या आपल्या घरात वरच्या मजल्यावर, तुमच्या आईच्या खोलीत, तीन हंगाम दोन व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू राहत होते. तुमच्या आईला हे माहीत आहे. तिला फक्त तिचं कपाट त्यांनी कुठे सरकवलं ते माहीत नाही.

सुरुवात आबांच्या एका शाळासोबत्यापासून झाली. उद्यमनगरात त्यांची फौंड्री आहे. ते लेकीकडे अमेरिकेला गेले, जावयाने त्यांना एक सामना दाखवला, आणि परत आल्यावर गृहस्थ आठवडाभर गप्प होते. कोल्हापुरातला माणूस आठवडाभर गप्प राहिला की घरचे डॉक्टरला बोलावतात. नवव्या दिवशी ते आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, संघ घेतोय."

राज्यातल्या आठ शहरांची एक व्यावसायिक लीग तेव्हा निघत होती. त्यात कोल्हापूर त्यांनी घेतलं. आबा पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेले. त्यांनी विचारलं, "चेंडू हातानं धरायचा, तर मग पायांनी काय करायचं?"

"उड्या," मालक म्हणाले.

"मग बेडूक आण की. खोली भाड्यानं द्यायला नको."

खेळायला एवढं मोठं छप्पर असलेली आणि मधे खांब नसलेली जागा शहरात एकच मिळाली. ते होतं हायवेजवळचं एक मंगल कार्यालय. तिथल्या हॉलमध्ये लाकडी कोर्ट बसवलं, दोन्ही बाजूंना रिंग लावल्या. अट एकच होती की लग्नाचा मुहूर्त असेल तर पहिला हक्क लग्नाचा. त्यामुळे लीगच्या ऑफिसने आमच्या घरच्या सामन्यांच्या तारखा मागितल्या, तेव्हा मालकांनी त्यांना पंचांग पाठवलं. बाकी सात शहरांना हे समजायला एक हंगाम लागला. लगीनसराईत आम्ही बाहेरगावी खेळायचो आणि मुहूर्त संपले की घरी. आमच्या संघाइतकी चातुर्मासाची वाट दुसऱ्या कोणी पाहिली नसेल.

मी यात आले ती माझ्या इंग्रजीमुळे. प्रशिक्षक चेन्नईचे होते. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येत होतं, आणि आमच्या पोरांना कोल्हापुरी. टाइम-आउट एका मिनिटाचा असतो. त्यात प्रशिक्षक इंग्रजीत जितकं बोलायचे ते सगळं मराठीत आणायचं तर अर्धा तास हवा. चाळीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलेली बाई हाताशी आहे म्हटल्यावर मालकांनी मला बाकावर बसवलं. प्रशिक्षक हात उडवत तावातावाने बोलायचे. मी ऐकून घ्यायची आणि सांगायची, "डावीकडनं शिरा. बाकीचं राग आलाय म्हणून बोलतायत." ते मला विचारायचे, एवढंच? मी म्हणायची, मराठी आटोपशीर भाषा आहे.

आता वरच्या खोलीतले दोघे. एक पंजाबहून आलेला. आल्या दिवशी आबा त्याला दूध कट्ट्यावर घेऊन गेले. तिथे म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळ दूध तिथल्या तिथे ग्लासात देतात. त्याने सलग इतके ग्लास घेतले की गवळ्याने म्हशीला धीर दिला. महिन्याभरात तो रस्त्यात कुणालाही "काय पावणं, बरं हाय न्हवं?" विचारायला लागला, आणि लोक वर मान करून "व्हय व्हय" म्हणायचे.

दुसरा कुरुंदवाडचा. वडील नव्हते. घरी आई, नदीकाठचं थोडं रान आणि दोन म्हशी. सोमवार ते शुक्रवार तो आमच्याकडे, शनिवारी सामना नसला की एस.टी.ने आईकडे. आल्या दिवशी त्याने आपल्या वरच्या खोलीच्या चौकटीवर डोकं आपटलं. कपाळ चोळत विचारलं, "आज्जी, हे दार कुणाच्या मापाचं हाय?"

"माणसांच्या," आबा खालून म्हणाले.

तो मोठ्याने हसला, आणि तेव्हापासून आमचा झाला. एकदा मी त्याला विचारलं, पगार दुसरीकडे बरा मिळेल, मग इथेच का? तो म्हणाला, "आज्जी, उंची हाय म्हणून आजवर गल्लीतल्या समद्यांचं पंखं पुसलो. हितं पयल्यांदा ती कामाला आली. आणि हितनं आई तासाभरावर हाय. लांब गेलो तर तिला कोण बघणार? हितं संघ हाय तवर मी खेळाडू. न्हाईतर हायच की पंखं."

हे मी तुम्हाला नीट सांगते आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

पहिल्या हंगामात आम्ही एकच सामना जिंकलो, तोही समोरच्या संघाची बस गगनबावड्याच्या घाटात धुक्यात अडकली म्हणून. तरी मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या हंगामात आम्ही हरायचो, पण थोडक्यात हरायचो, आणि कोल्हापुरात तेवढ्यानेही गर्दी जमते. हलगीवाला येऊ लागला. कुस्तीच्या मैदानात बसणारी म्हातारी मंडळी पहिल्या रांगेत येऊन बसायची आणि आमच्या पोरांनी चेंडू हिसकावला की ओरडायची, "धर त्याला, पाठ लाव!" रेफरींनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, ते खेळाडूंना शुभेच्छा देत आहेत.

तिसऱ्या हंगामात मालक पुन्हा आमच्याकडे आले. या वेळी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "वहिनी, भागीदार कातावलेत. दुसऱ्या शहरातला एक जण संघ मागतोय. पयल्या चारात आलो तर संघ कोल्हापुरात राहतोय. न्हाईतर इकतो."

कुरुंदवाडचा पोरगा जिन्यात उभा होता. त्याने ऐकलं. त्या दिवशी वर जाताना तो चौकटीत वाकायला विसरला.

पहिल्या चारात जायला शेवटचा घरचा सामना जिंकायला हवा होता. तारीख अशी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये लग्न. वधूपक्ष आदल्या संध्याकाळीच येऊन दाखल झाला होता. सामना लांबला, आणि हॉलच्या दारात मांडववाले खुर्च्या, गालिचे, कमानी घेऊन उभे. त्यांच्यापुढे वधूपिता, फेटा अजून बांधायचा राहिलेला, दर दोन मिनिटांनी विचारतोय, "पावणं, अजून किती?" त्याला काही सांगत बसायला कुणाला वेळ नव्हता. आम्ही एका गुणाने मागे होतो.

शेवटचे क्षण. पंजाबवाल्याने चेंडू वर फेकला, कुरुंदवाडच्याने तो हवेतच घेतला आणि रिंगमध्ये घातला. आम्ही एका गुणाने पुढे. त्याच वेळी भोंगा वाजला.

इथे आपले आबा गोष्टीत येतात. बास्केटबॉलला नावं ठेवणारे आबा त्या दिवशी पेठेतल्या आपल्या फुटबॉलवाल्या दोस्तांना घेऊन आले होते आणि खुर्चीखाली गुलालाचं पोतं ठेवून बसले होते. कोल्हापुरात निवडणूक असो, फुटबॉल असो, दहावीचा निकाल असो, जिंकलं की गुलाल. भोंगा वाजताच त्या सात-आठ म्हाताऱ्यांनी ते पोतं उचललं आणि कोर्टावर उधळलं. हलगी कडाडली. हॉल गुलाबी झाला. प्रशिक्षकांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. ते मला मिठी मारायला आले आणि मीही गुलाबी झाले.

रेफरी शिट्टी फुंकत होते. फुंकतच राहिले. घड्याळात अजून दोन सेकंद बाकी होते. भोंग्यावर बसलेला गृहस्थ आबांच्याच पेठेतला. बास्केट झाल्याच्या आनंदात त्यानेच बटण दाबलं होतं.

रेफरी म्हणाले, दोन सेकंद खेळावे लागतील. पण या जमिनीवर पाय घसरून कुणाची मान मोडेल. पंधरा मिनिटांत कोर्ट खेळण्याजोगं झालं नाही, तर नियमाप्रमाणे सामना पाहुण्या संघाचा. मी हे मराठीत सांगितलं. या वेळी काहीही गाळलं नाही. कुरुंदवाडचा पोरगा खाली बसला आणि तळव्याने जमीन पुसू लागला, जणू एवढं मोठं कोर्ट एका हाताने होणार होतं.

कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावला. मी एवढ्या जोराने कधी ओरडले नव्हते. "पाणी खाली ठेव. एक थेंब पडला तर रेंदा होईल." बाळांनो, गुलाल कधीही ओला करायचा नाही. आधी कोरडा झाडायचा. मी मांडववाल्यांचे खुर्च्यांचे अभ्रे काढून घेतले, प्रेक्षकांतल्या बायकांना ओळीत उभं केलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडं झाडत नेलं. आबा आणि त्यांचे दोस्त शेवटच्या रांगेत, गुडघ्यांवर. "पेठेची इज्जत हाय, घासा," आबा म्हणत होते. "इज्जत तुम्हीच सांडलीत," मी म्हटलं.

तरी बारीक पावडर लाकडाच्या फटीत राहिलीच. चप्पल सरकत होती. तेव्हा मला शेजारचा मुदपाकखाना दिसला. आचारी सकाळच्या पुऱ्यांसाठी कणीक मळत बसले होते, घट्ट, तेल अजून लावायचं होतं. घरात काच फुटली की बारीक तुकडे आपण कणकेच्या गोळ्याने टिपतो. मी परात उचलायला सांगितली.

वधूपिता आडवा आला. "बाई, ह्या माझ्या लेकीच्या लग्नाच्या पुऱ्या हायत."

मी म्हटलं, "दोन सेकंदांचं काम आहे."

"दोन सेकंदाला एवढी कणीक?"

कुरुंदवाडचा पोरगा उठून त्याच्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा बघायला वधूपित्याला मान बरीच मागे न्यावी लागली. पोरगा म्हणाला, "मामा, सकाळी मी मळून देतो. समदी." वधूपित्याने त्याच्याकडे पाहिलं, मग कोर्टाकडे, मग धोतर वर खोचलं आणि परातीतून पहिला गोळा स्वतः उचलला.

मग शंभरेक माणसं, म्हातारे, बायका, मांडववाले, नवरीच्या दोन मावश्या, सगळी रांगत जमिनीवर कणीक थोपटत होती. समोरच्या संघाचा कप्तान हसून हसून बाकावर आडवा झाला होता, मग तोही एक गोळा घेऊन उतरला. कणीक गुलाबी होत गेली, लाकूड पिवळं. रेफरींनी बुटाचा तळ घासून पाहिला, पुन्हा घासला, आणि मान हलवली.

दोन सेकंद. त्यांनी चेंडू आत फेकला, त्यांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूने उडी मारून तो रिंगकडे सोडला. कुरुंदवाडच्याचं एक बोट त्याला लागलं, फक्त एक. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, फिरला, आणि बाहेर पडला.

भोंगा वाजला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आबांना म्हटलं, "बाहेर जाऊन उधळा." पोतं रिकामं होतं, म्हणून ते सगळे रस्त्यावर जाऊन नुसतेच नाचले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोराने खरंच कणीक मळली, पंजाबवाल्याने लाटायला घेतली. दुपारी पंगतीत वाढायला आमचा अख्खा संघ उभा होता. वाकून वाकून त्यांच्या पाठी मोडल्या. नवरी मुलगी स्टेजवर फोटोत मध्यभागी आणि तिच्या मागे उंच पोरांची भिंत, असा तो फोटो आहे. नवरदेव त्यात सापडत नाही. प्रशिक्षकांनी पानावर बसून बोटाने मसाल्याचं वांगं दाखवलं आणि मला विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्यांनी तीन वेळा घेतलं आणि मग बराच वेळ पाणी प्यायले.

पहिल्या चारात आम्ही गेलो. पुढचा सामना सडकून हरलो, पण अट फक्त पहिल्या चारात येण्याची होती. मालकांनी शब्द पाळला, संघ इथेच राहिला. लीगच पुढे बंद पडली. पंजाबवाला आपल्या गावी पोलिसात लागला, प्रशिक्षक चेन्नईला परतले. कुणी म्हणालं, आता संघ कशाला. पण संघ कोल्हापूरचा होता आणि खेळाडूही इथलेच झाले होते, त्यामुळे मोडायला कुणी पुढे आलंच नाही. मालकांनी कार्यालयातलं कोर्ट काढून फौंड्रीच्या जुन्या शेडमध्ये बसवून दिलं.

पगार आता कुणालाच नाही. कुरुंदवाडचा एका शाळेत खेळ शिकवतो, त्याची आई ठीक आहे, आणि दर रविवारी सकाळी तो त्या शेडमध्ये संघ घेऊन उतरतो. संघ अजून आहे, आणि गेल्या वर्षापासून मुलींचाही आहे.