विहिरीची चौथी बाजू

भिला पाथरवटाने आयुष्यात बावीस विहिरी बांधल्या आणि एकही ढासळली नाही, एवढीच त्याची ख्याती. बोलायला तो कंजूष. पण १९३४ च्या पौषात कोरीटच्या पंचांनी त्याला बोलावणं धाडलं, ते बोलायलाच.

नथ्थूची विहीर त्यानेच बांधलेली, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा नथ्थूला तीन मुलगे. म्हणून भिलाने काठाखाली तीन जागी लांब दगडांच्या जोड्या पुढे काढून ठेवल्या, मोटेचं चाक पेलायला. एकेकाला एकेक बाजू, आणि ज्याची बाजू त्यालाच पाण्याचा हक्क. चौथा मुलगा मागाहून झाला. वाटणीत त्याला जमीन आली. पाणी तो थोरल्या भाईदासच्या मोटेवर घेई. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला, आणि भाईदासने त्याच्या बायकोचं, धनुबाईचं पाणी तोडलं. तिचा गहू ओंबीवर येऊन पिवळा पडू लागला होता.

आदल्या दिवशी ती भिलाच्या दारी आली होती.

"बाबा, चार बाजू काढ्यात, इतलंच सांगा. तुम्हना शबदवर पंच चालतीन."

भिला खाली बघत राहिला. तिनाच्या चार करणं त्याला जमणार नव्हतं, आणि तिला तसं सांगणंही.

पंच विहिरीवरच बसले. थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही म्हणून धनुबाई पदर ओढून बाभळीआड उभी होती.

"भिला, हीरले बाजू कितल्या?" पाटलांनी विचारलं.

"मी तीन काढ्यात."

बाभळीआडचा पदर हलला. भाईदास हसला. "झायं मंग! चौथी कोठून आनशात?"

"मी कितल्या काढ्यात ते सांगं. हीरले कितल्या शेतस, ते येगळं." भिला गुडघ्यावर हात रेटत उठला आणि काठाशी गेला. "हीर गोल शे अस आपन म्हनतस. पन गोल दगड कोठे शे? एकेक दगडनं तोंड सरळ शे. एका थरमा अडतीस दगड, अडतीस बाजू. तीन मोटास्नी सहा धऱ्यात. बाकी रिकाम्या."

"मंग अडतीस मोटा लावूत का रे बा?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"बैल आन, मंग बोल."

हशा पिकला. भाईदास हसला नाही. "बांधेल भिंत फोडी आनि हीर ढासळनी तं?"

"ढासळनी तं खाले मीच ऱ्हासू."

पाटलांनी मान डोलावली.

सत्तरीचा भिला कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. वरचा भार लाकडांवर तोलून त्याने स्वतःच बसवलेले दोन दगड सैल केले. ते इतके घट्ट होते की दोन दिवस गेले. दोर धरायला धनुबाईच्या माहेरचे दोघे होते. तिसऱ्या दिवशी त्या जागी बसवायच्या लांब दगडांतला दुसरा खाली सोडताना त्या दोघांना भार पेलेना, दगडाचा दोर सरकला. मग तो एकाएकी थांबला. भिलाने वर पाहिलं. दोरावर मुठींची आणखी एक जोडी दिसत होती, मनगटात भाईदासचं चांदीचं कडं. त्याने दगड खाचेत लोटला.

चौथ्या दिवशी धनुबाईची मोट लागली. पाणी शेताच्या टोकाला पोचेपर्यंत भिला नव्या जोडीतल्या एका दगडावर तळवा टेकवून काठावर बसून होता. बैल उतार उतरत, दोर करकरे, दगड हलत नव्हता.

अर्धा गहू तोवर गेला होता. उरलेल्यात दाणा भरला.