धावड्यात न दाखवलेलं रीळ

टेंभुर्णीच्या पुंजारामनं बायकोपासून एक गोष्ट पंचेचाळीस वर्षं लपवली. ती फक्त मला माहीत होती, आणि माझ्या पोटात राहिली हेच नवल! परवा रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये ती शंभर बायांसमोर फुटली, म्हणून आता मीही मोकळा.

तरुणपणी पुंजाराम तंबू-टॉकीजचा ऑपरेटर, मी तिकिटं फाडणारा. धावड्यात तंबू लागला. मध्ये कनात, अलीकडं बाप्ये, पलीकडं बाया. बायांत सगळ्यात पुढं उषा, गावातल्या बड्या जमीनदाराची पोर. या दोघांचं कसं जुळलं ते मला तारीखवार ठाऊक आहे, पण उषाबाईंचा हात अजून जड आहे, तेव्हा राहू द्या.

पिक्चर प्रेमाचं. नायिका घर सोडून नायकासोबत बसमध्ये बसते. पुढचं सगळं शेवटच्या रिळात: बाप येऊन पागोटं पायाशी ठेवतो, ती उतरते, अन् महिन्याभरात तोच नायक भाऊबंदांच्या धाकानं दुसरीला माळ घालतो. नायिका विहीर जवळ करते.

पुंजारामला त्याच आठवड्यात उषाला घेऊन भोकरदनहून एसटी धरायची होती. हे तिनं पाहिलं तर? गड्यानं शेवटचा डबा उघडलाच नाही! तिन्ही खेळांना, नायिका बसमध्ये बसली की दिवे लावले. मालकाला सांगितलं, रीळ खराब आलंय. पब्लिक शिट्ट्या मारत घरी गेलं.

आणि भोकरदनच्या स्टँडवर उषाचा बाप खरंच आला हो! खिडकीखाली पागोटं हातात घेऊन उभा. उषा रडरड रडली, पण जागची हलली नाही. बाप मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

परवा पुंजारामच्या सुनेनं, मोनालीनं, ती त्याच शाळेत मास्तरीण, बचत गटाच्या बायांसाठी नेमकं तेच पिक्चर शोधून आणलं. सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या लग्नाचं पिक्चर! अख्खं सापडलं!"

पुंजाराम घामाघूम माझ्या दारात. "मेलो रे! म्हणंल, फशिवलं मला. या वयात निघून जाईल."

"मंग वायर उपस."

"सून मास्तरीण हाय, बराबर पकडंल!"

हॉलच्या दारात आम्ही दोघं उभे. पडद्यावर बापानं पागोटं ठेवलं, नायिका सीटवरून उठली, तशा उषाबाईही ताडकन उठल्या.

"ए बये! बस खाली! उतरू नको!"

मग काय, सगळा हॉल ओरडायला लागला. पण ऐकते कशाची! उतरली. विहीर झाली, दिवे लागले. उषाबाई तरातरा दारापाशी आल्या.

"रीळ खराब म्हणून ह्ये तुमी दडवलं व्हतं?"

"व्हय. तू आली नसती तर..."

"सख्ख्या बापाचं पागोटं पाहून मी हलले न्हाई, अन् तुमी एका पिक्चरला भ्याले? मला वाटून राह्यलं व्हतं, ह्या माणसाला माझा भरवसा हाय."

पुंजाराम बाहेर सटकायला वळला.

"मोनाली, शेवटचं पुन्हा लाव. ह्यांना माझ्याजवळ बसू दे."

शंभर बायांच्या मधोमध पुंजाराम, मनगट उषाबाईंच्या मुठीत. पडद्यावर बस आली. मला राहवलं नाही. "पुंज्या, उतरतो का रे?"

उषाबाई मान न वळवता म्हणाल्या, "उतरून तर दाखवू द्या!"