सविताच्या वहीतलं ‘नाहीतर’

सविता गेल्याचं तिच्या आईने फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, “पोरी, आता तरी तिच्याबद्दल चांगलं लिही.” कावीळ झाली होती, आठ दिवसांत सगळं संपलं. त्याला आता दीड महिना झाला… आणि चांगलं काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील मेंढरं घेऊन चार-चार महिने बाहेर असत, तीही जायची, आणि परतली की माझ्या वह्या उतरवून घ्यायची. पुढे जालन्यात वसतिगृहात राहून ती प्रोग्रामिंग शिकली. संगणकाला अट कशी घालतात ते मला सांगायची : जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. तिची एक सवय होती. वहीत ती आधी खाली ‘नाहीतर’ची ओळ लिहायची, मग वर सोडलेल्या जागेत ‘जर’ची. “अट कुणीबी घालतं. तिच्यात न बसणाऱ्यानं कुठं जायचं, ते आधी ठरवावं लागतं. तू पत्रकं काढतीस, तुला न्हाई कळायचं.”

जुन्या जालन्यातल्या एका संस्थेने मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज निवडायचा प्रोग्राम तिच्याकडून करून घेतला. अट होती वर्षभर सलग हजेरीची. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांतली एकही मुलगी यादीत आली नाही. सविताची मामेबहीण रखमाही नाही. रखमाची शाळा तिथेच सुटली.

कुठे अन्याय दिसला की मी पत्रक छापून वाटायचे; याही वेळी काढलं. सविताचं नाव ठळक छापलं. ‘ज्या दारातून आत आली, तेच दार हिने मागच्यांसाठी लावून घेतलं.’ तिच्या गल्लीत ते मी स्वतः वाटलं. ती उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत वाचत होती.

“हजेरी तुटलेले अर्ज बाजूला काढून माणसानं तपासायचे, असं मी लिहिल्तं. संस्थेचे साहेब म्हणले, ती ओळ काढून टाक.”

“मंग?”

“काढलं.”

“मंग ह्यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच न्हाई. साहेबाचं नाव कुठंय तेवढं दाखव.”

ते मी विचारलंच नव्हतं. मी उरलेली पत्रकं घेऊन पुढच्या घराकडे वळले. ती आमची शेवटची भेट.

पत्रक मी मागे घेत नाही. तिने ती ओळ काढून टाकली, हे खरंच आहे. साहेबाच्या नावाचं पत्रक मी अजून लिहिलेलं नाही, हेही.

तिच्या आईने मला ती वही दिली. वसतिगृहाच्या प्रोग्रामच्या पानावर वर ‘जर’ तसंच आहे. खाली ‘नाहीतर माणसाने तपासावे’, आणि त्यापुढे अट तपासून पाहायला म्हणून एक नाव घेतलेलं : रखमा. ती सबंध ओळ सविताने पट्टी लावून, एका सरळ रेघेत खोडली आहे.